शेपूट धरायला माणूस नाही

माझं काम शेपूट धरायचं होतं. वीस-बावीस वर्षं मी ते केलं. नवरा विमानाच्या पुढे उकिडवा बसायचा, हातातल्या काठीने पंख्याला झटका द्यायचा, आणि मी मागे गुडघे टेकून दोन्ही हातांनी शेपूट दाबून धरायची. इंजिन पेटलं की धूळ, धानाची धसकटं आणि पेट्रोलचा धूर माझ्या तोंडावर. मग तो वळसा घालून मागे यायचा, रिमोट उचलायचा आणि म्हणायचा, "सोड." मी सोडायची. विमान जायचं. मी तोंड पुसायची.

ही विमानं म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्यांचा सांगाडा आणि वरून इस्त्रीने चिकटवलेलं रंगीत प्लास्टिक. जमिनीवर उभं राहून रिमोटने उडवायची. आभाळात कोलांट्या मारायच्या, उलटं न्यायचं, सरळ वर चढवायचं. नवरा जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फिटर होता. विमानं तो क्वार्टरच्या मागच्या खोलीत बांधायचा आणि रविवारी स्कूटरवर लादून आम्ही वरठीच्या पुढे त्याच्या गावी उडवायला यायचो. कारखान्याजवळ असलं काही उडवायला बंदी होती, आणि ती बरोबरच होती. भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले त्याच वर्षी तो निवृत्त झाला. आम्ही गावात घर बांधलं.

पुढे त्याची नजर गेली. मोतीबिंदू काढला, तरी लांबचं विमान उलटं आहे की सुलटं हे त्याला कळेना. एकदा ते वर असतानाच त्याने रिमोट माझ्या हातात कोंबला. "घे वो, कुठं हाय ते तूच पाह्य." मी चौथी शिकलेली. पण उलटं-सुलटं कळायला चौथी पुरते. तेव्हापासून मी उडवू लागले. इंजिन तोच पेटवायचा, मग आम्ही जागा बदलायचो. शेपूट तो धरायचा आणि "सोड" मी म्हणायची.

शेवटचं विमान त्याने सगळ्यात मोठं केलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख सव्वासात फूट. तीन वर्षं लागली, कारण अर्धं काम बोटांनी चाचपून केलं. इंजिन तेवढं घ्यायचं राहिलं होतं. दुकानदाराने त्याला एकदा फोनवर विचारलं होतं की आता मोठी विमानंसुद्धा बॅटरीवर उडतात, तुम्ही का नाही घेत. नवरा म्हणाला, "मिक्सरची मोटर लावू? मले चटणी वाटाची हाय का?"

नंतर तो गेला. विमान मधल्या खोलीत छताच्या दोन आकड्यांना टांगलेलं होतं, नाकाच्या जागी भोक. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेले लोक मान वाकवून त्याच्याखालून ये-जा करत होते. मुलगी पुण्याला असते. परत जाताना म्हणाली, "आई, देऊन टाक न कोणाले. घरात चालता येत नाई."

मी म्हटलं, पाहू.

त्याच्या आठवणीसाठी मला ते उडवायचं नव्हतं. मेलेल्या माणसाला विमान दिसत नाही. मला उडवायचं होतं. आयुष्यभर मी जे जे केलं ते कोणाला तरी लागत होतं म्हणून केलं. हे एकच कोणाला लागत नव्हतं आणि मला चांगलं येत होतं. एवढं मोठं विमान मी एकदाही उडवलं नव्हतं. डोळे आणि खांदा आणखी किती वर्षं साथ देतील, याचा अंदाज मला होता.

आधी जुनं पेट्रोलचं विमान घेऊन एकटी शेतात गेले. शेपूट सुतळीने खुंट्याला बांधलं. झटके देऊन देऊन उजवा खांदा भरून आला. शेवटी इंजिन पेटलं. आता सोडायचं कसं? रिमोट गळ्यात अडकवला, मागे जाऊन गाठ सोडू लागले. गाठ सुटली तसं विमान हातातून गेलं आणि मी पालथी पडले. ते शेताच्या कडेच्या धुऱ्यावर आपटलं, पंख्याचे दोन तुकडे झाले. मी उठून बसले आणि आजूबाजूला पाहिलं. हसायला कोणी असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी ठरलं. मिक्सर तर मिक्सर. पेट्रोलला दुसरा माणूस लागतो आणि माझ्याकडे दुसरा माणूस नव्हता. बॅटरीच्या विमानाला झटका नको, धरणारा नको. वायर जोडायची, मागे व्हायचं, रिमोटची दांडी पुढे करायची. लोक इलेक्ट्रिक का घेतात याची पुष्कळ कारणं दुकानदाराने नंतर मला सांगितली. माझं कारण त्यात नव्हतं.

दुकान नागपूरला. मी फोन केला.

"काकू, कोणासाठी पाह्यजे?"

"माह्यासाठी."

"नाई, म्हणजे उडवते कोण?"

"मीच. काहून, तुले उडवाचं हाय?"

तो हसला. मग कामाचं बोलू लागला. "वजन किती हाय विमानाचं?"

"मोटर-बॅटरी सोडून साडेचार किलो."

"कशावर मोजलं?"

"धानाच्या काट्यावर."

"बरं. तुम्ही आरामात उडवान न काकू? मंग हलकी मोटर देतो. बॅटरी पण छोटी लागन."

"मी आरामात उडवीन हे तुले कोनं सांगतलं? मले सरळ वर न्यायचं हाय. उभं."

त्यानंतर तो मला माणसासारखं समजावून सांगू लागला. मी मुलीच्या जुन्या वहीत लिहून घेत होते. चार फोन झाल्यावर मला कळलं ते असं. पेट्रोलला एक इंजिन घेतलं की झालं. इथे चार गोष्टींचं जुळावं लागतं: मोटर, पंखा, बॅटरी, आणि मोटरला वीज मोजून देणारी मधली डबी. मोटर जोरात फिरणारी घेतली म्हणजे ताकदीची घेतली असं नाही. मोठ्या पंख्याला सावकाश फिरणारी मोटरच लागते. घाईच्या मोटरला मोठा पंखा लावला तर ती तापते आणि जळते. भातगिरणीचं मोठं चाक कधी घाईने फिरताना मी पाहिलं नाही, म्हणून हे मला लगेच पटलं. आणि विमान उभं चढवायचं तर पंख्याची ओढ विमानाच्या वजनाहून पुष्कळ जास्त पाहिजे. नुसती बरोबरीची असली तर ते मध्येच लटकून राहील.

"वीज किती खाईन?" मी विचारलं.

"फुल दिलं तर चार हजार वॅटच्या वर."

म्हणजे घरातले दोन गिझर. ते मी वहीत तसंच लिहिलं.

सामान पार्सलने आलं. बावीस इंची पंखा, मोटर, डबी, आणि विटेएवढ्या दोन बॅटऱ्या, एकीला दुसरी जोडून चालणाऱ्या. नाक पेट्रोल इंजिनाच्या मापाचं होतं, मोटर त्यात आत बुडाली. नवऱ्याच्या पेटीतून करवत आणि कानस काढली, अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचे चार सारखे तुकडे केले आणि मोटर त्यांच्यावर पुढे उभी केली. चौथा तुकडा तीनदा कापावा लागला. त्याने एकदाच कापला असता, आणि मला दाखवला असता.

मग तोल. बॅटरी पुढे-मागे सरकवून विमान आडवं राहील ती जागा शोधायची. हे दोघांचं काम. दोघांनी दोन पंखांखाली एकेक बोट लावायचं आणि उचलायचं. माझी दोन बोटं सव्वासात फुटांत पोचत नाहीत. छताच्या आकड्यांना दोर बांधून, पंखांवर नवऱ्याने केलेल्या तोलाच्या खुणेपाशी फास घालून मी ते उचललं. इंजिनाच्या मानाने मोटर हलकी, त्यामुळे शेपूट खाली गेलं. बॅटऱ्या पुढे सरकवत नेल्या, पार नाकापर्यंत. सरळ झालं तिथे पेन्सिलने रेघ मारली. त्या दिवसांत माझ्या लक्षात आलं की या छंदातलं प्रत्येक काम दोन माणसं धरून रचलेलं आहे. रचणाऱ्यांना तसं कोणी सांगितलं नसेल. त्यांच्याकडे होती म्हणून रचलं.

ओढ मोजायला अंगणात आणलं. शेपटाला दोर, दोराला धानाचा स्प्रिंगकाटा, काटा ओसरीच्या सिमेंटच्या खांबाला. बाजूला उभी राहून दांडी हळूहळू पुढे केली. अंगणातला पालापाचोळा, सूप आणि वाळत घातलेलं लुगडं कुंपणापर्यंत गेलं. काट्यावर बारा किलो. सगळं धरून विमानाचं वजन सात. मी दांडी मागे घेतली.

कुंपणापलीकडे शेजारी उभा होता. वरठीच्या पोलाद कारखान्यात जातो आणि तळ्याकाठची धानाची लांब, सपाट बांधी त्याचीच. आम्ही तिथेच उडवत आलो.

"काय वो काकू, थ्रेशर घेतलं काय?"

"विमान हाय. तुही बांधी मोकळी कधी होते?"

"लाखोळी उपटली का तुमचीच. पंधरा रोज."

आमच्याकडे धान कापायच्या आधीच उभ्या पिकात लाखोळी या कडधान्याचं बी फेकतात. धान गेलं की जमिनीच्या ओलीवर ती वाढते. ती निघेपर्यंत शेतात चाक टेकवता येत नाही. पंधरा दिवस म्हणजे काही नाही. मी बॅटऱ्या चार्ज करून ट्रंकेत ठेवल्या.

पंधराचे तीस झाले, तिसाचे पंचेचाळीस. त्याच्या शिफ्ट बदलल्या, उपटायला बाया मिळेनात. मी रोज सकाळी तळ्यापर्यंत जायची, हिरवं शेत पाहायची आणि परत यायची. दर आठवड्याला बॅटऱ्या काढून पुन्हा पूर्ण भरायची. आमच्या घरी इन्व्हर्टर आला तेव्हाच नवऱ्याने नियम घालून दिला होता, बॅटरी कधी रिकामी ठेवायची नाही, रिकामी ठेवली की मरते. वीज जाण्याचा काय भरवसा. तो नियम मी वर्षानुवर्षं पाळला आणि आमचा इन्व्हर्टर कधी बिघडला नाही.

दीड महिन्याने लाखोळी निघाली. मी ट्रंक उघडली. दोन्ही बॅटऱ्या पुरीसारख्या फुगलेल्या.

दुकानदार म्हणाला, "काकू, भरून ठेवल्या काय? ह्या अर्ध्यावर ठेवाच्या असते. उडवाच्या दिवशीच भराच्या. म्या सांगतलं होतं."

सांगितलं असेल. मी लिहून घेतलं नव्हतं, कारण मला वाटलं की बॅटरीचं मला कळतं.

"आता त्या लावू नका. आग लागन. दूर अंगणात मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा." मग म्हणाला, "एक सांगू? इथं एक डॉक्टर हाय. तुमचं विमान जसं हाय तसं घेते म्हणते. चांगला माणूस हाय, उडवन."

"उद्या सांगतो," मी म्हटलं. बोलताना आमच्याकडे बायाही असंच म्हणतात.

तो दिवस मी विमानाखाली बसून काढला. भाजी केली, खाल्ली, भांडी घासली. डॉक्टर ते उडवील, हे खरं होतं. त्याच्याकडे शेपूट धरायला, तोल पाहायला चार माणसं असतील. विमानासाठी तेच बरं. पण माझं काय, तर खोलीत चालायला जागा होईल. दुसऱ्या दिवशी फोन लावला तेव्हा आवाज फुटेना, घसा दोनदा साफ करावा लागला. आदल्या दिवशी त्या फोननंतर मी कोणाशीच एक शब्द बोलले नव्हते.

"बॅटऱ्या पाठव," मी म्हटलं.

"आणि डॉक्टर?"

"त्याले म्हण, तुहं तू बांध."

नव्या बॅटऱ्या आल्या त्या मी हात न लावता ठेवल्या. वारा पडलेला दिवस पाहून पहाटे भरल्या. उजाडल्यावर दोन फेऱ्यांत सामान शेतात नेलं, आधी धड, मग पंख. शेजारी पहिल्या शिफ्टला गेलेला. तळ्यावर बगळे होते, बाकी कोणी नाही. पंख बसवले, पंखांची आणि शेपटाची हलती पाती रिमोटने हलवून पाहिली, वायर जोडली. विमान उभं राहिलं. थरथर नाही, धूर नाही, आवाज नाही. मी मागे सरकले आणि पाहते तर शेपटामागे बरोबर त्या जागी उभी होते, जिथे गुडघे टेकायची. तिथून बाजूला झाले.

दांडी पुढे केली. तीस पावलांत ते जमिनीवरून सुटलं.

इंजिनाचा आवाज नसला की विमान कुठे आहे, जोरात आहे की मंद, हे फक्त डोळ्यांनी कळतं. पहिली दोन मिनिटं मी नुसत्या चकरा मारल्या. मग तळ्यावरून आणून नाक वर केलं आणि पूर्ण ताकद दिली. ते उभं चढलं. चढतच गेलं. पंखांवरचा लाल रंग दिसेनासा होईपर्यंत चढलं, तेव्हा मी दांडी मागे घेतली, कारण आता नजर माझीही पूर्वीची नाही. येताना ते उलटं घेतलं. बॅटरी संपायच्या आत उतरवायचं म्हणून साडेचार मिनिटांची घंटी रिमोटमध्ये लावली होती, ती वाजली.

"उतरून राहिलं!" मी ओरडले. उतरवताना ओरडायचं हा आमचा नियम. कोणी मध्ये येऊ नये म्हणून. बगळे उडाले. विमान टेकलं, दोनदा उसळलं आणि धुऱ्याच्या हातभर अलीकडे थांबलं.

घरी येऊन मुलीला फोन केला. "उडलं," मी म्हटलं.

"खरंच? किती वर गेलं? कोनं पाह्यलं?"

"कोनी नाई."

"मंग व्हिडिओ तरी काढाचा होता न आई."

"हातात रिमोट होता."

 ती म्हणाली की मे महिन्यात येते. तिला सुट्टी मिळेल की नाही हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. फोन ठेवला आणि बॅटऱ्या अर्ध्यावर आणायला लावल्या.