चार्जिंग

मी सासुरवाडीला, अर्नाळ्याला लग्नाला गेलो होतो. त्या दिवसांत दादाने आमच्या बोटीची बॅटरी एकट्याने बदलली, आणि तेव्हापासून इंजिन त्रास द्यायला लागलं. बोट लहान, फायबरची, मागे टांगलेलं इंजिन चावीने चालू होणारं. बोट आमच्या दोघांची असली तरी तिच्यावर शब्द दादाचाच चालायचा.

दुकानातून बॅटरी चार्ज करून आणली की एक-दोन फेऱ्या नीट व्हायच्या, मग चावी फिरवली की नुसतं टक्. मी टर्मिनल घासले, ग्रीस लावलं, पाणी बघितलं. दादा पाचूबंदरच्या धक्क्यावर, माशांच्या लिलावाला जमलेल्या बायांसमोर म्हणाला, "हा दिवा चालू ठेवून झोपतो. याच्या हातात काय टिकत नाय."

मी पूर्वी एका कारखान्यात वायरमन होतो. त्याला सांगितलं, "बॅटरी चांगली हाय. इंजिनच तिला चार्ज देत नाय. मला मीटर लावून बघू दे."

"हंगामात इंजिन खोलायचं नाय," तो म्हणाला. विषय संपला.

मग एका दुपारी जाळं ओढून झालं आणि वारा वाढला. बोट खडकांकडे सरकायला लागली. चावी फिरवली, टक्. दादा सुकाणूवर बसला होता, मी इंजिनचं झाकण काढलं, वरच्या चाकाला दोर गुंडाळला आणि ओढला. इंजिन घेत नव्हतं. पुन्हा ओढला तेव्हा चाकाने उलटा झटका दिला आणि माझ्या खांद्यात काहीतरी तुटलं. ते मला ऐकूसुद्धा आलं. पुढचा दोर दादाने ओढला. इंजिन चालू झालं, आम्ही परत आलो.

खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, हात छातीच्या वर जाईल याची आशा फार धरू नका.

पट्ट्यात हात घेऊन घरी आलो आणि बायकोला म्हटलं, "मला बोटीवर घेऊन चल." भरतीच्या वेळी बोट धक्क्याला लागली होती. दादाही होता. या वेळी त्याने अडवलं नाही. मी सांगत होतो आणि बायको मीटरच्या तारा टेकवत होती. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्ट. दादाने इंजिन चालू केलं, तिने पुन्हा तारा टेकवल्या. साडेबाराच. चार्जिंग होत असतं तर आकडा चौदाच्या आसपास गेला असता. मग चाकाखालच्या कॉइलमधून येणाऱ्या दोन तारा बघितल्या. तिथे वीज होती, इंजिनचा वेग वाढवला की वाढतही होती. म्हणजे कॉइल ठीक. पुढे रेक्टिफायर, त्या विजेला बॅटरीत जाण्याजोगी करणारा डबा. तिथून बाहेर काहीच येत नव्हतं.

इंजिन बंद करून तो डबा काढायला लावला. पाठीमागे फुगलेला, काळा. आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून घातलेली.

असा डबा जळतो तो बहुतेक बॅटरी उलटी जोडल्याने. ठिणगी उडते, वास येतो. जोडणाऱ्याला कळल्याशिवाय राहत नाही.

मी काही विचारायच्या आत बायकोनेच विचारलं, "भावजी, ही तार कोनी टाकली?"

"मीच," दादा म्हणाला. "फ्यूज उडाला होता. दुकान बंद होतं."

"आनि धूर?"

"थोडा आला होता. मग तारा सुलट केल्या."

"मग यांना का नाय सांगितलं?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "हा म्हनला असता, तुला कळत नाय. लहानपनापासून हेच ऐकवतो."

मी खरंच तसं म्हणालो असतो का, हे मला आजही सांगता येत नाही. पण एवढ्याशा गोष्टीसाठी त्याने मला त्या दोराला लावलं, हे मनातून जात नाही. तो सुकाणूवर बसून बघत होता. त्याला सगळं माहीत होतं.

नवा डबा बसवला, फ्यूज बसवला. इंजिन आता उत्तम चालतं. दादासोबत दुसरा माणूस जातो. मी घरी बसून जाळी विणतो, तेवढं या हाताने होतं.

आई सांगते, भावाभावांत मन मोठं ठेवावं. तिच्यासाठी आम्ही रविवारी चर्चमध्ये एकाच बाकावर बसतो. एकमेकांना शांती द्या, असं फादर म्हणतात तेव्हा दादा माझ्याकडे वळून हात जोडतो. मीही जोडतो आणि त्याच्या सदऱ्याच्या बटणांकडे बघत राहतो. घरी आल्यावर दुपारपर्यंत मी कुणाशी बोलत नाही. बायको ताट वाढून ठेवते आणि शेजारी निघून जाते.