वाटून खाल्लेलं औषध

“तोंड उघड.”

आईने तोंड उघडलं.

“जीभ वर कर.”

आईने जीभ वर केली. मोठ्या डॉक्टरांनी एका हाताने नाकाला रुमाल लावला. दुसऱ्या हातातल्या छत्रीचं टोक आईच्या हनुवटीखाली घातलं आणि तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. हात लावला नाही. शाळेचा ओटा होता. सगळी वाडी समोर उभी होती. आईच्या डोक्यावरचा पदर मागे घसरला. तिने तो सावरला नाही, कारण हलायचं नाही असं तिला सांगितलेलं होतं.

“गिळली. पुढची.”

गोळी खरंच पोटात गेली की गालात दडवली, ते बघत होते. कोळणी औषध चोरतात असं त्यांचं मत झालं होतं.

माझी धाकटी बहीण चंद्री जाऊन तेव्हा पुरता महिनाही झाला नव्हता.

आमची वाडी चौलच्या पलीकडे, खाडीच्या तोंडाशी. बाबा आधी मुंबईला गोदीत हमाल होते. तिथून येताना दोन गोष्टी आणल्या. एक पत्र्याची पेटी, तिच्यात युनियनची पत्रकं. दुसरा खोकला. पेटी माझ्या वाट्याला आली. सातवी झाल्यावर वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी ती पत्रकं पाठ होईपर्यंत वाचली. खोकला बाबांनी स्वतःकडे ठेवला. काही वर्षं ते होडीवर खलाशी म्हणून गेले, मग जाळं ओढताना तोंडातून रक्त आलं आणि ते घरी बसले.

घरी बसले तरी आमची चूल पेटत राहिली. आमच्यात तशी रीतच आहे. होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग एकेका खलाशाचा. जो आजारी पडून घरी आहे त्याचाही वाटा निघतो आणि त्याच्या दारात पोचतो. कुणी उपकार केला असं म्हणत नाही, कुणी आभार मानत नाही. बाबांचा वाटा रोज आला. ज्या दिवशी नुसती मूठभर करंदी मिळाली, त्या दिवशीही त्यातली चिमूट आली.

अशा वाडीत ती जीप आली. मुंबईचे मोठे डॉक्टर, त्यांच्याबरोबर अलिबागचे एक मदतनीस. चौलच्या एका बागायतदाराच्या बंगल्यात त्यांचा मुक्काम. त्यांनी सगळ्यांच्या छात्या तपासल्या, थुंकी बाटल्यांत भरून नेली. क्षयाचे आजारी सापडले त्यांना इंजेक्शनं सुरू केली. आणि त्यांच्या घरातली जी माणसं अजून धडधाकट होती त्यांना गोळ्या दिल्या. घरटी एक डबा. डब्यावर नाव नाही, आकडा. मदतनीस म्हणाले, “नवं औषध आहे. रोज एक घ्यायची, म्हणजे घरातल्या आजाऱ्याचा रोग तुम्हाला लागणार नाही.”

एवढंच म्हणाले. मी तिथे होते. एवढंच.

ज्या घरांत आजारी नव्हता त्यांना डबा मिळाला नाही. संध्याकाळी त्या बायका आमच्या अंगणात आल्या. त्यांची पोरं दिवसभर आमच्याच पोरांबरोबर वाळूत लोळायची. एक म्हणाली, “आमच्या पोरांना काय त्यो रोग इचारून लागनार हाय का?”

आईने शेजारच्या कमळीमावशीकडे बघितलं. कमळीमावशीचा नवराही आजारी, तिच्याकडेही डबा.  आईने भाकरीची काथवट आणली, आमचा डबा तिच्यात ओतला. कमळीमावशीने तिचा ओतला. आणखी डबेवाल्या आल्या, त्यांनीही ओतले. सगळ्या गोळ्या पांढऱ्या, एकाच मापाच्या. वेगळ्या ठेवायला कारणच दिसलं नाही. अंगणात रोज पोरं ओळीने बसू लागली आणि आई एकेकाच्या हातावर गोळी ठेवू लागली. गोळ्या लवकर संपायच्या, मग पुढचा डबा येईपर्यंत सगळीच पोरं बिनऔषधाची राहायची. कमी पडलं तर सगळ्यांना कमी. हेही रीतीला धरूनच.

कमळीमावशी ओरडायची, “चला रे, सरकारी शेंगदाणे आले!”

चंद्री दोन मागायची. सहा वर्षांची होती. गोळ्या खाऊन लवकर मोठी झाले की नाकात मोती घालता येईल असलं काहीतरी तिच्या डोक्यात होतं.

“हिला दोन द्या गो,” कमळीमावशी म्हणायची, “गोदीतल्या शेठची लेक हाय ती!”

सगळ्या हसायच्या. बाबाही खोकत खोकत हसायचे.

शिमग्याच्या आधी चंद्रीचं डोकं दुखू लागलं. मग ताप. मग उलट्या. आम्हाला वाटलं उन्हाने. मग तिची मान ताठ झाली. मी तिच्या तोंडासमोर तोंड नेऊन हाक मारली तर ती माझ्याकडे बघत होती, पण तिला मी दिसत नव्हते. बैलगाडीत घालून अलिबागला नेलं. तिथल्या सरकारी डॉक्टरांनी तिच्या पापण्या उघडून बघितल्या आणि म्हणाले, बापाचाच रोग, मेंदूत चढलाय. दवाखान्याच्या व्हरांड्यात सतरंजीवर ती गेली. खाट रिकामी नव्हती.

त्यानंतर मदतनीस वाडीत आले. डबा दाखवा म्हणाले. आईने काथवट दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला. “हे काय करून ठेवलंत, बाई?” आईला वाटलं काथवट धुतलेली नाही म्हणून रागावले. ती म्हणाली, “रोज धुते, साहेब.”

म्हणून मोठे डॉक्टर पुन्हा मुंबईहून आले. म्हणून शाळेच्या ओट्यावर टेबल लागलं. आता गोळी घरी मिळणार नव्हती. टेबलापुढे येऊन गिळायची आणि तोंड उघडून दाखवायचं.

आईनंतर कमळीमावशीची जीभ बघून झाली. मग डॉक्टर सगळ्यांना उद्देशून बोलायला लागले. “एक साधं काम सांगितलं होतं. आपल्या डब्यातली गोळी आपल्या घरात खायची. तेवढंही जमलं नाही तुम्हाला. मासळी आहे का ती, वाटे घालायला?”

खुर्चीवर बसलेला बागायतदार हसला.

डॉक्टर आईकडे वळले. “तुझी पोर गेली ना? तू वाटत बसलीस म्हणून गेली. तिच्या तोंडातलं औषध तू गावाला चारलंस.”

आईच्या घशातून एक आवाज निघाला. रडण्याचा नव्हता. होडीचा तळ खडकाला घासला की लाकडातून येतो तसा. आजही मी कपडे धुताना, बोंबील निवडताना, मध्येच तो आवाज येतो. मी मान वर करून बघते. कुणी नसतं.

मी पुढे झाले. पेटीतल्या पत्रकांतली सगळी भाषा मला पाठ होती. त्यातला एकही शब्द त्या वेळी आठवला नाही.

“साहेब, तीच गोळी सगळ्या पोरांनी खाल्ली. मग तीच कशी…”

“कोण ही?”

“तिचीच थोरली,” मदतनीस म्हणाले. “सातवी पास आहे.”

“अरे वा! सातवी पास. मग तुला कळेल. सगळ्या डब्यांत औषध नव्हतंच. काही घरांना औषध दिलं, काही घरांना तशाच दिसणाऱ्या पिठाच्या गोळ्या. मग कुठल्या घरांत रोग जास्त होतो ते बघायचं. त्याशिवाय औषधाचा उपयोग होतो की नाही ते कळणार कसं? ते सगळं तुम्ही कालवून टाकलंत. इतक्या दिवसांची मेहनत मातीत घातलीत.”

 मग कमळीमावशीने हळूच विचारलं, “पीठ?”

तिने आपल्या पोराला जवळ ओढलं.

“माझ्या पोराला पीठ चारलं तुमी?”

“सगळ्यांना नाही,” मदतनीस म्हणाले.

मी डॉक्टरांना विचारलं, “आमच्या डब्यात काय होतं?”

“माहीत नाही.”

“मग कुणाला माहीत हाय?”

“मुंबईला पाकिटात बंद आहे. अभ्यास संपेपर्यंत उघडायचं नाही. मलाही मुद्दाम सांगितलेलं नाही. कळलं तर माझं मत एका बाजूला झुकेल. यालाच शास्त्र म्हणतात.”

ते खरं बोलत होते, यात मला आजही शंका नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आणि माहीत नसण्याचा त्यांना अभिमान होता. त्यांनी माहीत करून घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. आम्हाला तर ठरवायलाही कुणी विचारलं नव्हतं.

“आता ह्याला आण,” डॉक्टर म्हणाले.

‘ह्याला’ म्हणजे दामाला. माझा भाऊ, चंद्रीच्या पाठचा. उघडाच होता, कमरेला करगोटा. आईने त्याला पुढे ढकललं. “आ कर रे बाबू. साहेबाला दाखव.” जिच्या हनुवटीला आत्ताच छत्री लागली होती, ती आपल्या हाताने त्याचा जबडा उघडत होती.

मी त्याचा दंड धरून मागे ओढला.

“हा खानार न्हाय.”

“काय म्हणालीस?”

“आदी सांगा. पीठ हाय का औषद.”

“ते सांगता येत नाही म्हटलं ना.”

“मग ह्याला खरं औषद द्या. सांगून द्या. ह्याची बहीन मेली हाय.”

“प्रत्येकाने असं मागितलं तर अभ्यास व्हायचा कसा?” ते माझ्याकडे बघून बोललेच नाहीत. मदतनीसांकडे बघून बोलले. “यांना वाटतं आपण यांच्या दाराशी आलो म्हणजे यांचे नोकर आहोत.”

मदतनीस माझ्या कानाशी आले. “बापाची इंजेक्शनं आमच्याकडूनच चालू आहेत. जरा विचार कर.”

मी बाबांकडे बघितलं. ते घोंगडी पांघरून वाळूत बसले होते. त्यांनी नजर खाली घातली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना जगायचं होतं.

आईने सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली. “तुला काय कलतं? एक गेली. ह्यालाबी घालवतंस?”

तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. त्या गोळीत औषध असलंच तर मी ते माझ्या भावाच्या तोंडातून काढून घेत होते. हे मला तेव्हाही कळत होतं.  तरी मी दंड सोडला नाही. दामा रडायला लागला, माझ्या बोटांचे वळ त्याच्या कातडीवर उठले, आणि मी त्याला तसाच ओढत ओटा उतरले. कमळीमावशी तिच्या पोराला घेऊन माझ्यामागे आली. दुसऱ्या दिवशी ती परत रांगेत जाऊन उभी राहिली. तिलाही मी दोष देत नाही.

माझा मामा तेव्हा गोदीतच होता. तो येऊन दामाला मुंबईला घेऊन गेला. युनियनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला औषध दिलं, कशाचं ते मामाला समजावून सांगितलं. दामा जगला. आज तो होडीवर जातो. यावरून मी बरोबर होते असं ठरत नाही. गोळ्या न घेता जगलेली पोरंही वाडीत आहेत. एका पोरावरून काही सिद्ध होत नसतं. एवढं शास्त्र मी त्यांच्याचकडून शिकले.

बाबांची इंजेक्शनं त्यांनी बंद केली नाहीत. हेही सांगायला हवं. बाबा बरे झाले, त्यांच्याच औषधाने. आणि ते पांढरं औषधही खरं निघालं. आता ते दवाखान्यात मिळतं. म्हणून कुणी मला शास्त्राची वैरीण म्हणू नये. औषध शोधावं लागतं, ते माणसांवरच तपासावं लागतं, हे मला मान्य आहे. माझी माणसं त्यासाठी पुढे झालीही असती. ज्यांनी आजारी खलाशाचा वाटा कधी चुकवला नाही, त्यांना समजावून सांगितलं असतं की तुमच्यामुळे उद्या दुसऱ्यांची पोरं वाचतील, तर त्यांनी नाही म्हटलं असतं का? पण सांगण्याइतकी आमची किंमतच नव्हती.

पुढे एकदा अलिबागच्या बाजारात ते मदतनीस भेटले. त्यांनी ओळख दिली. अभ्यास पुरा झाला म्हणाले, चांगला झाला. मी विचारलं, “आमच्या वाडीचं काय ठरलं?”

“तुमची वाडी वगळली. मिसळामिसळ झाल्यावर ती कशी धरणार?”

“आणि चंद्री?”

त्यांना नाव आठवलं नाही. मग आठवलं. “ती वाडीबरोबरच वगळली.”

म्हणजे औषध घेऊन मेलेल्यांत ती नाही. पीठ खाऊन मेलेल्यांतही नाही. मेलेल्यांच्या मोजणीतच नाही. सरकारी शेंगदाण्यांतला कुठला दाणा तिच्या हातावर पडला, ते पाकीट उघडूनही कुणाला कळणार नाही. कधी वाटतं, डबे कालवले नसते तर आमच्या डब्यातलं औषध तिला रोज मिळालं असतं. कधी वाटतं, आमच्याच डब्यात पीठ होतं, आणि जे काही औषध तिच्या पोटात गेलं ते शेजाऱ्यांच्या डब्यातलं होतं. दोन्ही गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसून असतात. एकही उठून जात नाही.

आईने मात्र एकच धरली. डॉक्टर म्हणाले तेच. वाटलं म्हणून गेली. त्या दिवसानंतर आमच्या घरातून कुणाला काही गेलं नाही. कालवणाची वाटी शेजारी जायची, ती बंद झाली. पोरं अंगणात आली की आई दार लोटून घ्यायची. कमळीमावशीचा नवरा वारला तेव्हा आम्ही तिच्याकडे भात शिजवून न्यायला हवा होता. आईने तांदूळ मोजून परत मडक्यात ओतले. मी म्हटलं, “आये, तू वाटलंस म्हनून न्हाय गेली ती. त्यांनी न सांगता दिलं म्हनून झालं सगलं.” ती म्हणाली, “डाक्टर शिकलेला मानूस हाय. तो खोटं कनाला बोलंल?”

आई गेली तेव्हाही तिची मूठ मिटलेली होती. मी उघडायचा प्रयत्न केला नाही.

माझी बहीण रोगाने नेली. माझ्या आईला त्या एका वाक्याने नेलं. रोगावर औषध सापडलं आहे.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीत पुन्हा एक गाडी आली. या वेळी हत्तीरोगाच्या गोळ्या. टेबल लागलं, रांग लागली. मी रांगेच्या पुढे जाऊन उभी राहिले आणि विचारलं, “सगळ्यांना एकच गोळी आहे का? नसेल तर तसं सांगा, आणि कशासाठी ते सांगा. आम्हाला समजेल अशा मराठीत सांगा. मग ज्याला घ्यायची तो घेईल.” तरुण डॉक्टर होते, घाम पुसत होते. म्हणाले, “बाई, तुम्हाला इथे कुणी बोलावलं?”

कुणी बोलावलं नव्हतं. मी तिथून हलले नाही. माझ्यामागच्या बायकांनीही हात पुढे केले नाहीत. शेवटी ते खुर्चीवरून उठले, टेबलाच्या अलीकडे आले आणि उभ्याने सांगायला लागले.

दर वेळी असं होणार नाही, हे मला माहीत आहे. कधी पोलीसपाटलाला बोलावतील, कधी गाडी वळवून निघून जातील, आणि औषध घालवलंस म्हणून वाडीतल्याच बाया मला शिव्या घालतील. घालू देत. या किनाऱ्यावर जिथे टेबल लागेल तिथे मी जाणार. आधी सांगायचं, मग द्यायचं. आणि मेलेल्या पोराचा दोष कुणी त्याच्या आईच्या पदरात टाकायला लागला, तर त्याचं वाक्य मी पुरं होऊ देणार नाही.