चारशे बाराचा उत्तरार्ध

या जगात साधी, सरळ, दिसते तशी एकही गोष्ट घडत नाही, यावर माझ्या मामेसासऱ्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी काळारामावरसुद्धा नव्हती. हे माझ्या बायकोचे थोरले मामा. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममधले काटे बघण्यात त्यांची नोकरी गेली आणि बाकीचं आयुष्य हेरकथा आणि राजकीय कारस्थानांच्या जाडजूड कादंबऱ्या वाचण्यात गेलं. वाचण्यात म्हणणंही तितकंसं खरं नाही, दुसऱ्यांना वाचायला लावण्यात गेलं. डॉक्टर औषध देतात तसे मामा कादंबऱ्या देत. शेजारच्या काकूंना ब्लडप्रेशर निघालं तेव्हा मामांनी त्यांना कुठल्याशा बेटावरच्या लष्करी उठावाची पाचशे पानं नेऊन दिली. "पहिला गोळीबार तीनशेव्या पानावर आहे, तोवर तुम्ही बऱ्या व्हाल," असं वर सांगितलं. माझ्या लग्नात अक्षता पडल्या पडल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं माझ्या हातात कोंबून ते कानाशी पुटपुटले, "जावईबापू, साठाव्या पानापर्यंत कुणावरही विश्वास ठेवू नका. साठनंतर माझ्यावरही ठेवू नका." मी भांबावून शेजारी उभ्या असलेल्या नव्या नवरीकडे पाहिलं. तिनं मान हलवली. ती 'हो' म्हणत होती की 'दुर्लक्ष करा' म्हणत होती, हे मला अजून कळलेलं नाही.

मामांबरोबर मिसळ खायला जाणं ही एक मोहीमच असे. ते भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसत. मग दाराकडे पाठ करून बसायची पाळी माझ्यावर येई, आणि मागून कोण येतंय या धास्तीनं मला रश्शाचा तिखटपणाही जाणवत नसे. एकदा सायखेड्याहून येणारा त्यांचा दूधवाला सलग तीन दिवस उशिरा आला. मामांनी त्याला दारात उभं करून रस्ता कोणता धरलास, वाटेत कोण भेटलं, सगळं विचारलं. तो बिचारा शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "मामा, म्हैस आटली हो! दुसऱ्याकडून दूध घिऊन येतो. लय लांब पडतंय, दुसरं काय नाय." तो गेल्यावर मामा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "उत्तर तयार होतं, बघितलंत?" महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवारानं बायको आजारी म्हणून माघार घेतली, तेव्हाही मामा दोन दिवस अस्वस्थ होते. बायको आजारी पडली की पाडली, हा त्यांचा प्रश्न होता. प्रत्यक्षात ती बाई टायफॉइडनं पडली होती. पण मामांशी अर्धा तास बोललं की घरी जाऊन आपलं स्वतःचं नाव एकदा रेशनकार्डावर तपासून घ्यावंसं वाटे.

या सगळ्यावर कळस चढवला तो 'चारशे बारा'नं. नाशिकरोडला आमची एक लायब्ररी होती. तिथल्या जाड कादंबऱ्या हाताळून खिळखिळ्या झाल्या की मालक त्या मे महिन्यात बाइंडरकडे देत आणि जूनमध्ये त्या तपकिरी पुठ्ठ्यात बांधून परत येत. मुखपृष्ठ गायब, पहिली दोन पानं गायब, पाठीवर फक्त क्रमांक. चारशे बारा क्रमांकाची अशीच एक परदेशी हेरकथेची अनुवादित कादंबरी मामांनी शहाण्णव साली वाचली आणि जाहीर केलं, की राजकारण ज्याला समजून घ्यायचंय त्यानं ही एकच वाचावी.

मी वाचली. दोनशे चोवीस पानांपर्यंत नुसता बर्फ पडत होता. एका गोठलेल्या शहरात एक हेर होता. युद्धात हरवलेली त्याची आठ वर्षांची मुलगी त्याला नुकतीच सापडली होती. तो कामगिरीवर निघाला की लाल टोपी घालून ती स्टेशनवर त्याची वाट बघत उभी राही. दोनशे चोविसाव्या पानावर तो गाडीत बसला. दोनशे पंचविसाव्या पानावर वाळवंट सुरू झालं आणि एक कर्नल उंटांच्या शर्यतीत पंतप्रधानाला उडवायचा बेत करू लागला. मी चष्मा पुसला, चार पानं मागं गेलो, पुन्हा पुढं आलो. पानांचे आकडे तर ओळीनं होते. हा कर्नल आला कुठून?

"तोच तो, आपला हेर. वेश बदललाय," मामा म्हणाले.

"आणि बर्फ?"

"वितळला. लेखक सगळंच सांगत बसत नाही, जावईबापू."

त्यांनी ऑफिसच्या आलेख कागदावर काढलेला एक भलामोठा तक्ता माझ्यापुढं पसरला. बर्फातला प्रत्येक माणूस वाळवंटात कोण झाला, ते बाणांनी दाखवलं होतं. त्यांच्या सांगण्यावरून कॉलनीतल्या सात-आठ जणांनी ते पुस्तक वाचलं होतं आणि वयाचा मान राखून सगळ्यांनी "वा!" म्हटलं होतं. मीही म्हटलं.

"सगळं जुळतं," मामा तक्त्यावर बोट फिरवत म्हणाले, "फक्त ती पोरगी जुळत नाही. बाप गाडीत बसला, आणि ती स्टेशनवर राहिली ती राहिलीच. तुम्हाला पुढं कुठं दिसली का?"

मला दिसली नव्हती. कुणालाच दिसली नव्हती. मामा ते पुस्तक भेटेल त्याच्या गळ्यात का मारतात, ते मला तेव्हा कळलं. त्यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं आणि मामी लवकर गेल्या होत्या. डिसेंबरात नाशिकला थंडी पडली, की मफलर गुंडाळता गुंडाळता ते सहज म्हणत, "आज कुडकुडत असेल ती." आमच्या घरात सगळे ऐकलं नाही असं दाखवत.

दोन हजार पाच साली लायब्ररी बंद झाली. मी शेवटचं म्हणून चक्कर मारली, तर मालकांनी एक फुगलेलं पुस्तक पुढं केलं. "रेल्वेतले एक सभासद होते, इगतपुरीला बदली झाली त्यांची. नऊ वर्षांनी आणून दिलं बघा. तिथल्या पावसानं पार भाकरी झालीये त्याची." पाठीवर क्रमांक होता चारशे तेरा. मी उघडलं. सुरुवातीला वाळवंट, उंट, कर्नल. आणि दोनशे पंचविसाव्या पानावर धो धो बर्फ! बाइंडरनं दोन्ही पुस्तकं एकाच वेळी उसवली होती आणि शिवताना एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला लावलं होतं.

त्या दुपारी मी घरी बसून उरलेली पानं वाचून काढली आणि वाचली नसती तर बरं, असं झालं. ती पोरगी त्याची नव्हतीच. हरवलेली मुलगी सापडली असं भासवून शत्रूनं ती त्याच्या घरात पेरली होती. तो परतला, तिला शिकवून ठेवलं होतं तसा तिनं टोपी काढून हात वर केला आणि शिपायांनी त्याला तिथंच धरलं. पोरीला एका मोटारीत बसवून नेलं. संपली कादंबरी.

तोवर काचबिंदूनं मामांची दृष्टी जवळजवळ गेली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक घेऊन गेलो आणि बाइंडरचा घोटाळा सांगितला.

"म्हणजे कर्नल वेगळा?"

"हो मामा."

"आणि बर्फ वितळला नव्हता."

"नाही."

तक्त्याची राखरांगोळी झाली होती. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यांनी माझं मनगट धरलं. "ते मरू द्या. पोरगी आहे का त्यात?"

"आहे."

"वाचा."

मी शेवटचं प्रकरण उघडलं, घसा खाकरला, आणि माझ्यानं ते वाचवेना. मी तोंडाला येईल ते बोलू लागलो. गाडी आली, बाप उतरला, लाल टोपी दिसली. तिनं विचारलं, एवढा उशीर का? तो म्हणाला, गाडी लेट होती. मला परदेशातलं स्टेशन कुठं ठाऊक? मी त्या दोघांना फलाटावर गरम बटाटेवडा खायला घातला आणि हात धरून घरी पाठवून दिलं.

मामा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "छान वाचलंत. फक्त पानं उलटायचं विसरलात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कसंबसं "मामा, खरं म्हणजे..." म्हटलं, तोच त्यांनी चाचपडत माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि उशीखाली सरकवलं.

"खरं काय ते सांगू नका," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी या. घरी गेल्यावर दोघं काय करतात, तेवढं वाचा."

मग मी दर रविवारी जाऊ लागलो. बापानं नोकरी सोडली. पोरीला शाळेत घातलं. तिला गोवर आला, तो बरा झाला. दीड वर्ष मी न उघडलेल्या पुस्तकातून वाचत होतो आणि मामा मध्येच शंका काढत होते, तिला मैत्रिणी आहेत का, डबा कोण देतं. मामा गेले त्या आठवड्यात ती दहावीला बसली होती, आणि तिच्या गणिताच्या पेपराची त्यांना फार काळजी लागून राहिली होती.