एकसष्टाव्या पानावरची टिंबं

मी उजव्या कुशीवर झोपते. उजवा कान उशीत गेला की माझ्यापुरतं जग बंद होतं, कारण डावा माझ्या वडिलांच्या, अप्पांच्या एका थपडेत गेला, मी नऊ वर्षांची असताना. या झोपेचं मला कौतुकच आहे म्हणा ना. शेजारचा कुत्रा भुंको, वरच्या मजल्यावर फरश्या फोडोत, मी आपली निवांत.

आज दुपारी मात्र डोळा लागत नाहीये. टेबलावर माझ्या पुस्तकाची प्रुफं पडली आहेत. टेबल म्हणजे आईचं शिलाईचं पायमशीन. ती गेल्यावर ते मी इथे आणलं, मशीन आत दुमडून वर झाकण टाकलं आणि त्यावरच अख्खं पुस्तक लिहिलं. लहानपणी घरात खाल्लेला मार, आणि चाळिशी उलटल्यावर त्यातून हळूहळू माणसांत येणं, असं ते पुस्तक आहे. अप्पांना त्यात मी जराही सोडलेलं नाही. माझी संपादक मंजिरी पाच वाजता पानं न्यायला येणार आहे. बाराव्या पानावर, माझ्या बाहुलीच्या साड्यांपाशी, तिनं पेन्सिलीनं 'सुंदर' लिहिलंय. एकसष्टाव्या पानावर लिहिलंय, 'हे नक्की?'

तिथलं वाक्य असं आहे: 'आईचं मशीन चालू असायचं, त्यामुळे आतलं तिला काही ऐकू जात नसे.'

सकाळपासून माझं डोकं फिरलंय. नक्की म्हणजे काय? समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "त्या घरात तुमच्या बाजूचं कोण होतं?" मी म्हणाले, आई. पुढची सहा वर्षं मी बरी होत गेले ती त्या एका उत्तरावर. तेच काढून घेतलं तर मी उभी कशावर राहणार? आणि तरी जेवणानंतर त्या वाक्यावर मी आडवी रेघ मारली. का मारली ते सांगता येणार नाही. मारली आणि भीतीच वाटली. मंजिरीनं शिकवून ठेवलंय, खोडलेलं परत हवं असेल तर त्याच्याखाली टिंबं द्यायची, म्हणजे छापणाऱ्याला कळतं, आहे तसं ठेवा. टिंबं द्यायला पेन उचललं, खाली ठेवलं आणि येऊन आडवी झाले.

पापण्या जड होतात. उजवा कान उशीत आहे. आणि मशीन सुरू होतं.

ते मला डाव्या कानानं ऐकू येतंय.

मी पलंगावरून पाय खाली टाकते. पायाला शहाबादी फरशी लागते, गार आणि जरा ओलसर. माझ्या फ्लॅटमध्ये शहाबादी नाही. साखर कारखान्याच्या कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये होती. मळीचा आंबूस वास येतोय, म्हणजे उसाचं गाळप सुरू आहे. मी माझ्या स्वयंपाकघरात शिरते आणि क्वार्टरच्या पुढच्या खोलीत निघते. खिडकीशी आई मशीनवर बसली आहे, माझ्याकडे पाठ करून. तिला जाऊन अकरा वर्षं झाली, पण अंबाडा तसाच आहे, दोन पिना बाहेर आलेला.

"आलीस होय, कुमे? जेवलीस का?"

"जेवले."

"मग बस की. उभी का?"

बसायला निळी खुर्ची आहे. ही समुपदेशक बाईंच्या खोलीतली खुर्ची. भिंतीही त्यांच्याच झाल्या आहेत, फिक्या पिवळ्या, आणि स्टुलावर तो कागदी रुमालांचा डबा. बाई मात्र दिसत नाहीत.

"बाई कुठायत?"

"भाईर बसवलंय त्यास्नी. घरातलं बोलणं हाय."

आई वळून बघत नाही. तिच्या पलीकडे आतल्या खोलीचं हिरवं दार आहे, बंद. दाराशी अप्पांचे बूट जोडीनं ठेवलेत. कारखान्यातून आल्यावर ते बूट असे नीट लावून ठेवायचे आणि मगच मला आत बोलवायचे. दारामागे कुणीतरी रडतंय, तोंडावर हात दाबून रडावं तसं. कोण ते मला ठाऊक आहे. म्हणूनच मी विचारते.

"आई, आत कोण आहे?"

"कुटं?"

"आत. रडतंय कुणीतरी."

मशीनचा वेग वाढतो. "मला न्हाई बाई ऐकू येत. मशीन चालू हाय न्हवं."

बघ मंजिरी, मी मनात म्हणते. बघ, ती स्वतःच सांगतेय. मला एवढं हायसं वाटतं की डोळे भरून येतात. पण दारामागचा आवाज चढतो, मशीनच्या वर येतो. तो मला या खुर्चीतून स्वच्छ ऐकू येतोय, आणि माझा तर एकच कान धड आहे.

"कुमे, पाय दे जरा," आई म्हणते. "माजं भरून आल्यात."

मी खुर्ची पुढे ओढते आणि तिच्या पावलांशेजारी माझी पावलं ठेवते. तिची पावलं फरशीइतकीच गार आहेत. आम्ही दोघी मिळून मशीन चालवतो. खिडकीची तावदानं थरथरायला लागतात. दारामागचा आवाज बारीक होतो, आणखी बारीक होतो, मग नाहीच. मला बरं वाटतं. सांगायला लाज वाटते, पण फार बरं वाटतं. इतकं शांत मला सहा वर्षांत त्या निळ्या खुर्चीतही वाटलं नव्हतं.

मग मी सुईकडे बघते. सुईखालून पांढरी चिंधी सरकतेय आणि तिच्यावर भोकं पडत चालली आहेत, बारीक, एका ओळीत. टाका एकही नाही. रीळ लावायची दांडी रिकामी आहे.

"आई, दोरा कुठंय?"

"दोरा कशाला?"

"सुई मोकळीच चाललीय."

"मग? मोकळीच चालवायची असती," आई म्हणते. मला धुणं कसं पिळायचं ते सांगायची, त्याच आवाजात. "तेंचं बूट वाजलं की दोरा काडून ठिवायची मी. चिंधी घालायची सुईखाली. हात ठिकाणावर नसतोय तवा. उगं कुणाचा ब्लाऊज बिगडला म्हंजे?"

मी पाय उचलायला जाते. उचलत नाही. आईचा हात माझ्या गुडघ्यावर आलाय, तिच्या हाताला एवढा जोर कधी होता मला आठवत नाही.

"पाय उचलू नगंस, कुमे. ऐकू यायला लागतंय."

"आई, तू माझ्या बाजूची होतीस ना?"

"हुते की." तिला प्रश्नाचं नवल वाटतंय. "हितंच तर हुते. दारापासनं चार पावलांवर."

दुसऱ्या हातानं ती मांडीवरून एक कागद उचलते. ते माझं पान आहे. खोडलेल्या वाक्यावर बोट ठेवते, चौथी शिकलेल्या बाईनं ठेवावं तसं, अक्षराअक्षराशी थांबत.

"हे का खोडलंस? चांगलं लिवलं हुतंस. लोकं वाचतील, कुमे. मला काय म्हनतील?"

कागद सुईखाली जातो. माझे पाय चालूच आहेत. दार आतून कुणीतरी तळहातानं थापटायला लागलंय, हळू, पुन्हा पुन्हा, आणि मी आणखी जोरात पाय मारते.

मी जागी होते. उजवा कान उशीत आहे, पाय पलंगाबाहेर लोंबकळताहेत आणि पोटऱ्यांत गोळे आलेत. घड्याळात पावणेपाच. उन्हाची तिरीप टेबलावर पडली आहे. झाकण बंद आहे, वर चष्मा आहे, पानं आहेत. झाकण उघडून बघायचं कारण नाही, कारण मशीनचा पट्टा कधीच तुटलाय. आता ते चालूच शकत नाही.

एकसष्टावं पान सगळ्यात वर आहे. खोडलेल्या वाक्याखाली, पहिल्या अक्षरापासून पूर्णविरामापर्यंत, भोकांची ओळ आहे. बारीक, सारख्या अंतरावर. पान उलटं करून बोट फिरवलं तर कागद खरखरीत लागतो.

मी बारावं पान काढते. वाचायची गरज नाही, पण वाचते. 'आई मला बाहुलीच्या साड्यांसाठी चिंध्या द्यायची. त्यांवर सरळ ओळीत बारीक भोकांची नक्षी असायची. तशी साडी कॉलनीत दुसऱ्या कुणाच्याच बाहुलीला नव्हती.' बाजूला मंजिरीचं 'सुंदर'. हे मीच लिहिलं होतं, माझ्या हातानं, याच झाकणावर. माझ्याकडे अशा साड्यांचा डबाभर साठा होता. एकेक ओळ म्हणजे एकेक संध्याकाळ. मी पानावर डोकं टेकून रडते, आणि कुणासाठी रडतेय ते मला कळत नाही.

मग पेन घेते. वाक्य राहू देते. आईनं टिंबं दिली आहेत, आहे तसं ठेवा. तिचं एवढं मी ऐकते. टिंबांच्या खाली, समासाला धरून, एक वाक्य वाढवते: 'त्या मशीनमध्ये दोरा नसायचा.' लिहिताना पेनाचं टोक एका भोकात अडकतं आणि कागद थोडा फाटतो.

बेल वाजते. मंजिरी पाणीसुद्धा न घेता उभ्या उभ्या पानं चाळते. एकसष्टाव्यावर थांबते. वाक्य वाचते, खालची टिंबं बघते, त्याखालचं नवं वाक्य वाचते. मग बाराव्या पानाकडे जाते आणि साड्यांचं वाक्य पुन्हा वाचते.

"कुमुदताई," ती शेवटी विचारते, "हे नक्की?"

माझा उजवा कान तिच्याकडे आहे. डाव्यात मशीन अजून चालूच आहे. "नक्की," मी म्हणते, आणि जरा मोठ्यानंच म्हणते, मशीन चालू असताना बोलावं लागतं तसं.