नानांचं थांबणं

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोल बाजारात, आमच्या भांड्यांच्या दुकानात होतो. रडू आलं नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. महिना होत आला, आता बोलतो.

समता कॉलनीत नाना आमचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले. परप्रांतातल्या या शहरात मराठी घरं मोजकीच, त्यांत सोयरीक ठरवायची तर आधी नानांना विचारायचं, "घर कसं आहे?" ही रीतच पडली होती. नाना कुणाला वाईट म्हणत नसत. चहाचा घोट घ्यायचे, थांबायचे... मग म्हणायचे, "हव... तसं चांगलंच आहे." झालं! पाहुणे काय ते समजून जायचे. माझ्या ताईचं लग्न असंच मोडलं. बाबांचं दुकान तेव्हा जरा मंद चाललं होतं, एवढंच. पहिले परतले म्हणून दुसऱ्यांना शंका आली, दुसरे परतले म्हणून तिसरे आलेच नाहीत. ताई आजही माझ्याच घरी आहे.

आणि परदेशातल्या कुठल्या संस्थेनं आपल्या देशाचं पतमानांकन एक पायरी खाली आणलं, त्या संध्याकाळी हेच नाना ओट्यावर बसून तणतणत होते. म्हणे, आता बाहेरचे गुंतवणूकदार आपले रोखे विकून पैसा काढून नेतील, रुपया घसरेल, तेल महागेल आणि त्यामागोमाग सगळंच. सरकारला कर्ज चढ्या व्याजानं घ्यावं लागेल, व्याज फेडता फेडता रस्ते-दवाखाने मागे पडतील. बँका हात आखडतील, माझ्यासारख्या दुकानदाराचंही कर्ज महागेल. कंपनी कितीही धडधाकट असो, देशापेक्षा वरचं मानांकन तिला सहसा मिळत नाही.

"आजारी नाही त्याले आजारी म्हणून राहिले," नाना म्हणाले, "अन् म्हटल्यापायी तो खरंच आजारी पडते. कोण हे उंटावरचे शहाणे?"

माझं डोकंच फिरलं. "नाना, ताईचं तुम्ही दुसरं काय केलं?"

त्यांनी घोट घेतला, थांबले... "मी काही खोटं नव्हतो बोललो."

"तेही नसतील बोलले," मी म्हणालो आणि उठलो. त्यांच्या ओट्यावर पुन्हा पाय ठेवला नाही. अंत्ययात्रेलाही रस्त्यावरूनच सामील झालो.

गेल्या रविवारी दुर्गहून एक जोडपं आमच्याकडे आलं. नानांची नात त्यांना मुलासाठी पसंत होती. नाना नाहीत, म्हणून शेजारी या नात्यानं मलाच विचारलं, "घर कसं आहे?" ताईनं चहा आणून दिला. घर चांगलं आहे, पोट्टी तर फारच गुणाची. हे सगळं मला ठाऊक होतं. मी घोट घेतला आणि थांबलो... त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

ताईनं माझ्या हातातली कपबशी काढून घेतली. "सोन्यासारखं घर आहे," ती त्यांना म्हणाली, "बिनधास्त करा सोयरीक."

ते गेल्यावर ती कप घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"नाना तर गेले न रे... मग आत्ता हे कोण बसलं होतं इथं?"

आणि उरलेला चहा तिनं मोरीत ओतून दिला.