मयताच्या घरचा शेवगा

मलाबोनला नदीकाठची आमची वस्ती म्हणजे भरतीला घोटाभर पाणी आणि ओहोटीला घोटाभर चिखल. इथे भाजी पिकवू म्हणणाऱ्या अलिंग दोरायला, म्हणजे आमच्या दोरायमावशीला, लोकांनी वेड्यात काढलं, यात नवल ते काय! पण बाई हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकत नसे. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागची उकिरड्याची जागा मिळावी म्हणून तिने मालकाचे उंबरठे झिजवले. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "माणसं राबताना दिसतील तोवर वापरा. ही फाटकाची किल्ली. जागा ओस पडली की परत घेईन."

मासळीच्या रिकाम्या खोक्यांत वांगी आली, कारखान्याच्या भिंतीवर भोपळा चढला, कडेने शेवगा वाढला. रोज सकाळी शेवग्याचा पाला घालून दोराय वस्तीतल्या पोरांसाठी पेज शिजवी. घरटी एक माणूस बागेत राबे, कुरकुरत का होईना.

मग शेजारच्या कोन्सिंगचा नवरा आंबो दवाखान्यात वारला. कोन्सिंगच्या मुलाची, एल्मरची, दोराय बाप्तिस्म्यातली धर्ममाता, म्हणून दोघी एकमेकींना 'कुमारे' म्हणत. मयताच्या जागरणाला माणसं लोटली, रात्रभर जागं राहायला रिवाजाप्रमाणे पत्त्यांचे डाव पडले आणि पेज पुरेना. चुलीपाशी दोराय होती. तिने पाणी वाढवलं आणि रोजच्या सवयीने परातभर पाला पेजेत लोटला. मयताच्या घरी शेवगा शिजवत नाहीत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. देठावरून पानं ओघळतात तशी घरातली माणसं एकामागोमाग जातात म्हणे. दोरायलाही ठाऊक होतं, पण ध्यानात आलं तेव्हा निम्मी माणसं जेवली होती.

महिना उलटायच्या आत एल्मर डासांच्या तापाने गेला.

बागेत येणारी माणसं थांबली. पोरं पेजेसाठी वाडगे घेऊन निघाली की आया त्यांना दंडाला धरून घरात ओढत. खोक्यांतली वांगी अळ्यांनी पोखरली, आणि एकटीच्या दोन हातांना काही ते आवरेना. अशात मालकाचा निरोप आला: शनिवारी माझा माणूस बघायला येईल.

दोराय दारोदार फिरली. पाया पडायचीच काय ती बाकी राहिली. दुकानदारीण मेनिंग फटकळ. ती म्हणाली, "तुझ्या पेजेला मयताच्या मेणबत्त्यांचा वास येतो गं. आम्ही नाही येत. कोन्सिंगने सांगावं तुझा दोष नाही म्हणून, मग उद्या सगळी वस्ती फावडी घेऊन उभी करते."

शुक्रवारी दोराय कोन्सिंगच्या दारात गेली. मागोमाग मेनिंग आणि चार बायका आल्या, त्या बाहेरच थांबल्या.

"कुमारे, एक शब्द बोल," दोराय हळू आवाजात म्हणाली. "पाल्याने कुणी मरतं का? एल्मरला ताप होता. तू डोळ्यांनी बघितलंस."

"बघितलं ना." कोन्सिंग मान वर करेना. "तू म्हणालीस दवाखान्यात ने. मीच म्हटलं, उतरेल उद्या. नवऱ्याची माती झाली होती, मला पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढवेना. पोराला घरात ठेवून घेतलं गं मी."

दोराय तिच्याशेजारी खाली बसली.

"पाल्याने नाही मेला, तर मग कुणी मारला?" कोन्सिंगने तिचा हात घट्ट धरला. "राहू दे ना पाल्यावरच. मला त्याच्याशिवाय झोप नाही लागत, कुमारे."

दोराय उठली. तिला त्या बाईचा भयंकर राग आला होता आणि तितकीच कीवही येत होती. तीन वर्षं हाडं झिजवून उभी केलेली बाग एका शब्दावर अडली होती, आणि तो शब्द मागायची तिची छाती होईना.

"काय म्हणाली?" बाहेर मेनिंगने विचारलं.

"ती काय म्हणणार?" दोराय सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पाला मी घातला. माझ्यामुळेच गेलं पोर."

आत कोन्सिंगने टाहो फोडला. बायका बाजूला सरल्या आणि दोरायला वाट दिली. तिच्यासोबत कुणी गेलं नाही.

शनिवारी मालकाचा माणूस आला तेव्हा ती भोपळ्याला पाणी घालत होती.

"बाकीची माणसं कुठायत?" त्याने विचारलं.

"नाहीत," ती म्हणाली, आणि फाटकाची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.