वच्छलाकाकूंच्या अंगणातल्या बाया

वच्छलाकाकूंनी आयुष्यात एकही रोप विकत घेतलं नाही. कुणाच्या घरून निघताना त्या विचारायच्या, "एक फांदी तोडू काय वं?" आणि उत्तर येईपर्यंत फांदी त्यांच्या पदरात असायची. ती रुजली की तिला त्या घरच्या बाईचं नाव मिळायचं. त्यामुळे पुलगावला आमच्या शेजारच्या त्यांच्या अंगणात झाडं नव्हती, बाया होत्या. लाल-पिवळ्या पानांचा क्रोटन म्हणजे 'डेपोवाली', कारण तो लष्कराच्या डेपोच्या वसाहतीतून आला होता. पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचं कुंडीतलं झाड म्हणजे 'मास्तरीण'. आणि फाटकाजवळची गुलाबी कण्हेर म्हणजे 'शांती'. शांता ही त्यांची धाकटी बहीण, अल्लीपूरला दिलेली. ती वारली तेव्हा काकूंनी तिच्या परसातली एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती.

उन्हाळ्यात आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. काकू आंघोळीचं, भांड्यांचं पाणी बादलीत साठवून झाडांना घालायच्या. समोरच्या बेबीबाई फाटकातून टोमणा मारायच्या, "वच्छलाबाई, एवढ्या पाण्यात वांगे झाले असते. हे तुमचं ना खायले, ना विकाले!"

"वांगं पोटात जाते अन् सकायी भाईर येते," काकू म्हणायच्या. "फूल डोयात राह्यते बापा."

खरं सांगायचं तर मला बेबीबाईंचं पटायचं. आमच्या घरी आई हापशीवरून पाणी आणायची. पण मे महिन्यात परीक्षा देऊन परत येताना सगळी गल्ली धुळीच्या रंगाची झालेली असायची आणि त्यात एकच फाटक गुलाबी दिसायचं. तिथे माझी पावलं आपोआप हळू व्हायची.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. काकू मला 'आमची कॉलेजवाली' म्हणायच्या. गोळ्यांचं पाकीट, मोबाइलवरचा मेसेज, बँकेचा फॉर्म, सगळं मला दाखवायच्या. मी सांगितलं की दुसऱ्या कुणाला विचारायच्या नाहीत.

पहिल्याच वर्षी वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात सरांनी विषारी झाडांचा तक्ता लावला. त्यातली तीन झाडं मी रोज पाहत होते. संध्याकाळी मी सांगायलाच गेले होते. "काकू, ही कण्हेर..." एवढं म्हणाले, तर त्यांनी ओंजळभर फुलं माझ्या हातात दिली. "शांती यंदा लई फुलली. घे, देवाले वाह्यजो." मी फुलं घेतली आणि घरी आले. त्या तक्त्यावरचा प्रश्न परीक्षेत आला. मी सगळी नावं बरोबर लिहिली.

दोन वर्षांनी, गेल्या मे महिन्यात, काकूंचा मुलगा गजाननदादा नागपूरहून बायको आणि दीड वर्षाच्या अद्दूला घेऊन आला. दुसऱ्याच दिवशी अद्दूने मास्तरणीचं पान चावलं. ओठ सुजले, लाळ थांबेना, रडणंही नीट फुटेना. रिक्षाने दवाखान्यात नेलं. सुदैवाने संध्याकाळपर्यंत त्याला बरं वाटलं. वहिनी कुणाला काही बोलली नाही, फक्त बॅग भरायला लागली. "उद्या निघतो," दादा म्हणाला.

काकू पायरीवर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "हे पान इखारी असते, तुले माहीत होतं काय वं?"

"हो."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

त्या थोड्या सरकल्या आणि मला बसायला जागा केली. "मंग सांगितलं काऊन नाई?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. दोन दिवस जेवली नसती. मंग?" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "आमी कोनाले इचारावं, पोरी? तू शिकून राह्यली म्हनून तुले इचारतो. तूच लाजली तं आमी आंधयेच नं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"आनखी कोन कोन हाय?"

मी डेपोवालीकडे बोट दाखवलं. तिचा चीक लागला तर खाज सुटते एवढंच. मग हात खालीच राहिला. काकूंनी माझी नजर कुठे गेली ते पाहिलं. "शांती?"

"सगळ्यात जास्त तीच, काकू. पान, फूल, फांदी, सगळंच."

"देवाले वाह्यतो नं वं आपन हे फूल!"

सकाळी त्यांनी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि कुदळ घेतली. बेबीबाई धावत आल्या. "उपटता काऊन? द्या मले, माह्या दारात लावतो."

"तुह्या नातीचं पोट काय दगडाचं हाय?"

वहिनीही बाहेर आली. "आई, जाळी लावू ना तिला. मावशींची आठवण आहे."

"जायी किती दिवस पुरते? पोरगं उंच होनारच." आणि त्यांनी पहिला घाव घातला. मूळ खोल होतं, निघायला दुपार झाली. त्या रडल्या नाहीत, पण मधेच थांबून दोनदा खोडावर हात ठेवला. दादा फांद्यांच्या ढिगाजवळ काडीपेटी घेऊन गेला, तशी मी ओरडले, "जाळू नका! धूरही वाईट असतो."

काकू वळल्या. "हे पाह्य. आता कसं आलं तोंडातून!"

आम्ही खड्डा करून मास्तरणीसकट सगळं पुरलं. डेपोवाली गच्चीवर गेली. जास्वंद आणि मोगरा अंगणात राहिले. वहिनीने बॅग रिकामी केली, आणि ते लोक आणखी आठ दिवस राहिले. दिवाळीनंतर दादाने काकूंना नागपूरला नेलं. आता शेजारच्या घराला कुलूप असतं.

यंदा कॉलेजच्या वाटेवरच्या एका अंगणवाडीभोवती कण्हेरीची नवी रांग लावलेली दिसली. तीन दिवस मी तिथून नुसतीच गेले. चौथ्या दिवशी आत शिरले. सेविकाताई मुलांना खिचडी वाढत होत्या. मी त्यांना कण्हेरीचं सगळं सांगितलं.

"पण शोभेले लावली नं आमी," त्या म्हणाल्या. "फुलं किती छान येतात हिले!"

"येतात, ताई," मी म्हणाले. "खूपच छान येतात. तरी काढावी लागेल."